अळू की जांभळं गवत? मोरीपासून गेटपर्यंतच्या बारा फुटांचा प्रश्न

प्रश्न असा आलाय: पुण्यात रो-हाउस आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत 12 फूट लांब आणि 3 फूट रुंद मातीचा पट्टा रिकामा पडलाय. मागच्या टोकाला धुण्याभांड्यांची मोरी आहे, पुढचं टोक गेटपाशी येतं. सासूबाई म्हणतात अळू लावा. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना एका रिसॉर्टमध्ये पाहिलेलं, मऊ तुऱ्यांचं जांभळं गवत हवंय. दोन्हींत कमी कटकटीचं कोणतं आणि बारा महिने बरं दिसेल असं कोणतं?

ताई, वीसेक वर्षं मी पुण्यात आणि आसपास लोकांच्या बागा लावतोय. हे भांडण मी बऱ्याच घरांत ऐकलंय. एकीकडे खाण्याचं झाड, दुसरीकडे बघण्याचं. दोन्ही बाजू जोरात बोलतात, पण पाण्याचा विषय कोणी काढत नाही, आणि या दोन झाडांचं जमत नाही ते नेमकं पाण्यावरून. अळू हे ओढ्याकाठचं झाड. मुळाशी ओल टिकली आणि दुपारी डोक्यावर थोडी सावली मिळाली की त्याला दुसरं काही नको. ते जांभळं गवत, ज्याला नर्सरीवाले रेड फाउंटन ग्रास किंवा नुसतं पेनिसेटम म्हणतात, उघड्या तापलेल्या जमिनीच्या घराण्यातलं. त्याचं मूळचं हिरवं भाऊबंद गवत उत्तर आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं. दोघांना एकाच वाफ्यात बसवून एकाच पाइपने पाणी घातलंत तर एक मरणार. कोणतं ते पाइप कोणाच्या हातात आहे यावर ठरेल.

हे मी शिकलो ते दुसऱ्याच्या पैशांनी. काम घेऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा मुळशीकडच्या एका बंगल्याला ड्राइव्हवेच्या कडेने या गवताचे 40 ठोंब लावले. जून उजाडला होता, माती काळी होती, मालकांना वास्तुशांतीच्या आत रांग उभी हवी होती. मी खड्डे घेतले, शेणखत भरलं, लावून मोकळा झालो. वास्तुशांतीला गवत देखणं दिसलं. ऑगस्टमध्ये फोन आला. जाऊन बघतो तर अर्ध्याहून जास्त ठोंब हाताने ओढले की मुळासकट वर येत होते, बुडाशी काळे पडलेले, कुजका वास. पान मात्र वरून अजून जांभळंच होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. काळ्या मातीत मी खड्डे केले नव्हते, पाण्याची भांडी केली होती. ते ठोंब मी पदरमोड करून भरून दिले, पण या वेळी 9 इंच उंच वरंबा करून आणि मातीत मुरूम मिसळून.

म्हणून तुमच्या पट्ट्यात काहीही लावायच्या आधी एक काम करा. दोन्ही टोकांना एकेक फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने काठोकाठ भरा आणि मुरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ बघा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर त्या टोकाला गवत खुशाल लावा. संध्याकाळी भरलेलं सकाळीही चमकत असेल तर ती जागा अळूची. पहिल्या भरण्यावर जाऊ नका. कोरडी माती पहिलं पाणी हावरटासारखी पिते आणि आपली फसगत होते. यासोबत एखाद्या रविवारी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता पट्ट्यावर कुठे ऊन आहे ते खडूने भिंतीवर खूण करून ठेवा. सहा तासांहून कमी उन्हात या गवताचं जांभळं विटतं. आधी तांबूस-हिरवं होतं, मग चक्क हिरवं, आणि पाती लोळायला लागतात. मग लोक मला फोन करून सांगतात की नर्सरीने फसवलं. नर्सरीने फसवलेलं नसतं, भिंतीने फसवलेलं असतं.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा अंदाज सांगतो: मोरीकडची सहा फूट अळूला, गेटकडची पाचेक फूट गवताला. आता दोन्ही नीट सांगतो, कारण ‘लावा’ म्हणणं सोपं असतं.

अळूपासून सुरुवात करतो. पुण्यामुंबईकडे आपण दोन प्रकारचं अळू ओळखतो. वडीचं अळू काळपट-जांभळ्या देठाचं, पान जरा जाड, भरून वळकटी केली तरी फाटत नाही. फदफद्याचं अळू हिरव्या देठाचं, मऊ, शिजून मिळून येणारं. दोघांची लागवड सारखीच. सहा फुटांत दीड-दीड फुटांवर दोन ओळींत नागमोडी लावलंत तर सात-आठ कंद बसतील. त्याहून दाट लावू नका, का ते पुढे येईलच. कंद लिंबाएवढा असला तरी चालतो, फक्त त्याचा कोंब शाबूत असावा आणि दाबल्यावर मऊ लागता कामा नये. दोन-तीन इंच खोल, कोंब वर. मृगाचा पाऊस पडला की लावा. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेलंही धरतं. शेणखत सढळ हाताने घाला. अळू हे अशा मोजक्या झाडांतलं आहे ज्याला जास्त खाऊ घातलं म्हणून माझ्याकडून कधी बिघडलं नाही.

मोरीचं पाणी हा मोठा मुद्दा आहे. आपल्या आज्यांच्या काळी न्हाणीच्या मागे अळू आणि केळ हे ठरलेलंच असायचं आणि ते माजायचं. पण त्या मोरीत राख, शिकेकाई आणि रिठ्याचं पाणी जायचं. तुमच्या मोरीत वॉशिंग पावडर जाते. तिच्यात सोडियम असतं. ते सतत मातीत मुरलं की माती दगडासारखी आवळते आणि पानांच्या कडा करपतात. त्यामुळे अळू मोरीच्या कडेला लावा, तोंडाशी नको. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी आणि कपडे शेवटचे हिसळलेलं पाणी त्याला द्या, पहिलं फेसाचं पाणी गटारातच जाऊ द्या. आणि अळूचं पान खायचं असल्यामुळे ड्रेनेजच्या गळक्या पाइपाजवळ ते आपोआप फोफावलेलं असलं तरी तोडू नका. शहरात नाल्याकाठी दिसणारं हिरवंगार अळू बघून मला तरी भूक लागत नाही.

साधारण दीड-दोन महिन्यांत पानं तोडता येतात. एक झाड दहा-बारा दिवसांना एक नवं पान सोडतं, थंडीत त्याहून सावकाश. झाडावर नेहमी दोन-तीन पानं ठेवायची, मधली सुरळी तर हातही न लावता. उघडून चार-पाच दिवस झालेलं पान वडीला उत्तम: रंग अजून पोपटी, शिरा अंगठ्याने दबतात. आठ झाडांवरून दहा दिवसांत सात-आठ पानं म्हणजे एक भक्कम वळकटी आणि वर दोन पानं उरतात. चारजणांच्या घराला पुरतं. शिवाय बाजूला पिल्लं फुटत जातात, तेव्हा दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांना वाटायची वेळ येते.

आता घसा खवखवण्याबद्दल, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात निघतोच. अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. कच्चं चावलं की त्या जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून देठ सोलताना हाताला तेल किंवा चिंचेचं पाणी लावायचं, भाजीत चिंच नाहीतर ताक असायचंच आणि शिजवण्यात घाई करायची नाही. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून खावं. घरात कुत्र्याचं पिल्लू किंवा सगळं तोंडात घालणारं रांगतं मूल असेल तर अळूला गुडघाभर उंचीची जाळी लावा.

पण खरी चूक वेगळीच होते, आणि ती माझ्याच एका कामावर झाली. नर्सरीत काळ्या मखमली पानांचं एक शोभेचं अळू मिळतं, ‘ब्लॅक मॅजिक’ या नावाने. ते मी तळ्याकाठी लावलं होतं. त्या घरी नव्याने आलेल्या स्वयंपाकाच्या बाईंनी ‘काळं अळू’ म्हणून त्याच्या वड्या केल्या. सगळ्या घराचा घसा दोन दिवस धरला. मालकीणबाई माझ्यावर चिडल्या, आणि बरोबरच चिडल्या. मी सांगून ठेवायला हवं होतं. ते जातीने अळूच असलं तरी देखणेपणासाठी निवडलेलं, त्याच्या खवखवीची तमा कोणी बाळगलेली नाही. दुसरा तोतया म्हणजे अलोकेशिया, मोठ्या हत्तीकानी पानांचं. ओळखायची खूण सोपी आहे. खायच्या अळूचा देठ पानाच्या खाचेत न जुळता पानाच्या पाठीवर, खाचेपासून थोडा आत चिकटलेला असतो, आणि पानाचं टोक जमिनीकडे झुकतं. अलोकेशियाची पानं बहुधा टोक आभाळाकडे करून उभी असतात आणि खाच देठापर्यंत किंवा जवळपास तिथपर्यंत जाते. शंका आली तर खाऊ नका. एवढ्याशा वडीसाठी धाडस करायचं कारण नाही.

अळूचे दोन शत्रू पावसाळ्यातले. एक अळी, जी कोबीपासून तंबाखूपर्यंत सगळं खाते. पानाच्या खालच्या बाजूला करड्या कापसासारखा अंड्यांचा पुंजका दिसेल. पुंजका फुटला की बारीक अळ्या पान खरवडून जाळी करतात. पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की विषय संपला. आठ झाडांना फवारा काढायची गरज नाही. दुसरा शत्रू करपा, आणि तो जास्त गंभीर. संततधारेत पानावर भिजल्यासारखे गोल डाग पडतात, ते तपकिरी होत वाढतात, त्यांत कडी-कडी दिसतात आणि कधी कडेला डिंकासारखे पिवळसर थेंब येतात. रात्रीत दुप्पट होणारा हा रोग फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवाचा. याच्याच साथीने 1993 पासून पुढे सामोआ बेटांवरचं अळूचं पीक झोपवलं होतं, आणि तिथे अळू हे रोजचं मुख्य अन्न. आपल्या आठ झाडांवर एवढं संकट येत नाही, पण दाट लावलं तर येतं, कारण पानाला पान लागलं की वारा फिरत नाही आणि थेंबाथेंबाने रोग उडत जातो. म्हणून दीड फूट अंतर. डागाळलेलं पान दिसलं की त्याच दिवशी काढायचं, कंपोस्टमध्ये टाकायचं नाही.

फवारायची वेळ आलीच, मावा वगैरेसाठी निंबोळी अर्क, तर एक गंमत लक्षात ठेवा. अळवावरचं पाणी आपण म्हणीत वापरतो, फवारणीतही ते खरं ठरतं. त्या पानावर मेणाचा थर आणि नजरेला न दिसणारे उंचवटे असतात, थेंब मण्यासारखा घरंगळून जातो आणि तुमचा अर्क मातीत जातो. लिटरभर द्रावणात रिठ्याचं पाणी नाहीतर साध्या साबणाचे चार थेंब टाका, पानाच्या खालच्या बाजूने मारा, आणि नंतर आठवडाभर ती पानं तोडू नका.

आता तुमचं गवत.

पहिल्यांदा हे गवत मी जुन्नरकडच्या एका माणसाच्या हाती लावायला दिलं. तुरा उलटसुलट करून बघितला त्याने आणि म्हणाला, ‘‘साहेब, ही बाजरीच की. दाणं कुठं गेलं हिचं?’’ त्याचं बरोबर होतं. हे गवत आणि आपली बाजरी एकाच गटातली, पेनिसेटम. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो सगळा गट सेंक्रस या नावाखाली हलवलाय, त्यामुळे पिशवीवर दोन्हींपैकी कोणतंही नाव दिसेल, गोंधळू नका. दाणे कुठे गेले याचं उत्तर महत्त्वाचं आहे: जांभळ्या प्रकाराला, ज्याला ‘रुब्रम’ म्हणतात, रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. ते ठोंब फोडूनच वाढवतात.

याच्या उलट त्याचा हिरवा भाऊ. बी भरपूर, वाऱ्यावर उडणारं, आणि कुठल्याही फटीत रुजणारं. शोभेसाठी नेलेलं हे गवत हवाईच्या लाव्हाच्या माळांवर इतकं पसरलं की तिथल्या वणव्यांना त्यानेच सरपण पुरवलं. युरोपीय संघाने 2017 साली त्याला उपद्रवी परदेशी वनस्पतींच्या यादीत टाकलं. तिथे त्याची विक्रीही करता येत नाही. आपल्याकडे अजून ते नर्सरीत सहज मिळतं आणि जांभळ्यापेक्षा स्वस्तही असतं. एका फार्महाउसवर मी ते काढून टाकायला गेलो होतो; पार्किंगच्या खडीतून, पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून, अगदी पावसाच्या पाइपातूनही त्याची रोपं आली होती. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आधीच नको त्या पाहुण्यांची गर्दी आहे. तेव्हा घ्याल ते जांभळंच घ्या, पान बुडापासून जांभळं आहे हे बघून, आणि हिरव्या पानांचं ‘हेच पुढे लाल होईल’ म्हणून कोणी दिलं तर परत ठेवा.

लावताना तुमच्या गेटकडच्या भागात माती 8-9 इंच उचलून घ्या. निम्मी असलेली माती, बाकी मुरूम किंवा जाड वाळू आणि दोन घमेली गांडूळखत. यापेक्षा जास्त खत नको. गवताला मिष्टान्न दिलं की ते उंच होतं, मऊ पडतं आणि पहिल्या वळवाच्या पावसात चारी बाजूंना फतकल मारून बसतं. ठोंबाचं बूड आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर वर राहू द्या. अडीच फुटांवर एक, म्हणजे तुमच्या भागात दोन, फार तर तीन. नर्सरीतल्या पिशवीत ते बिचारं एवढंसं दिसतं आणि सगळे एका फुटावर लावून मोकळे होतात. वर्षभरात तीन-चार फूट उंच आणि जवळजवळ तेवढाच घेर होतो, मग गेट उघडताना अंगाला घासतं. पहिले दोन महिने एकाआड एक दिवस पाणी, नंतर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, थंडीत एकदा, पावसाळ्यात अजिबात नाही. ठिबक असेल तर पावसाळ्यात त्या बाजूची तोटी आठवणीने बंद करा. ती बंद न केल्यामुळे मेलेली गवतं मी उन्हाने मेलेल्या गवतांपेक्षा कितीतरी जास्त बघितली आहेत.

वर्षातून एक मोठं काम असतं. फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी ओसरली की, अख्ख्या ठोंबाला मध्यावर सुतळीने आवळून पेंढीसारखं बांधायचं आणि जमिनीपासून सहा-आठ इंचांवर धारदार विळ्याने किंवा मोठ्या कात्रीने कापायचं. बांधल्याशिवाय कापलंत तर पुढचा तासभर पाती वेचण्यात जाईल. हातमोजे घाला, पातीची कड कापते. कापल्यावर तीन आठवडे तिथे केरसुणीचा बुडखा उभा असल्यासारखं दिसतं. घाबरू नका, मार्चअखेर नवी जांभळी पालवी वर येते आणि तो रंग वर्षातला सगळ्यात गडद असतो. तिसऱ्या वर्षी ठोंबाचा मध्य वाळून पोकळ होतो. तेव्हा पूर्ण उपटून पहारीने फोडायचा. हे काम ताकदीचं आहे. मुळं दोरखंडासारखी गुंतलेली असतात. बाहेरच्या बाजूचे, चार-पाच जोमदार कोंब असलेले तुकडे ठेवायचे आणि मधलं फेकायचं. एका ठोंबाचे पाच-सहा सहज होतात, म्हणजे पुन्हा विकत आणायला नको.

लोक दबक्या आवाजात विचारतात की गवतात साप-उंदीर राहतील का. कुठल्याही दाट झुडपात उंदीर बसतो, आणि उंदरामागे काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. बुडाशी वाळलेली पाती साचू दिली नाहीत आणि वर्षाची कापणी चुकवली नाही तर एवढ्या दोन-तीन ठोंबांत काळजी करण्यासारखं काही नाही. अळूत बेडूक मात्र येतील. त्यांना येऊ द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. कमी कटकटीचं कोणतं? हातांना विचाराल तर गवत: वर्षातून एक सकाळ कापणी, बाकी सोडून द्या. त्याची कटकट लावायच्या आधीची असते, माती उचलण्याची. ती टाळली की मग रोजची होते. अळूचं उलटं आहे. लावायला पाच मिनिटं, पण मग ते दर आठवड्याला तुम्हाला बोलावतं. पानं तोडली नाहीत तर जून होतात, पिवळी पडून लोळतात, खाली गोगलगायी जमतात आणि आठवड्याभरात तो कोपरा गबाळा दिसू लागतो. ज्या घरात वड्या महिन्यातून एकदा होतात आणि त्याही बाहेरून येतात, तिथे मी अळू लावायला नको म्हणतो. तुमच्याकडे सासूबाई आहेत, तेव्हा तो प्रश्न दिसत नाही.

बारा महिने बरं दिसेल असं कोणतं? इथे गवत पुढे आहे, मार्चचे तीन आठवडे सोडून. पुण्याच्या हवेत तुरे जवळजवळ वर्षभर येत राहतात, आणि डिसेंबरच्या सकाळी दव पडलेल्या तुऱ्यांवर तिरपं ऊन आलं की मलाही थांबून बघावंसं वाटतं, आणि मी हे गवत शेकड्यांनी लावलंय. अळू जून ते ऑक्टोबर राजासारखं असतं. थंडीत आखडतं. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी असूनही कडा करपतात, आणि पाणी तोडलं तर पानं जाऊन नुसते कंद जमिनीत झोपून राहतात. ते मेलेलं नसतं, पण पाहुण्यांना हे कोण सांगणार. मात्र श्रावणातल्या दुपारी पाऊस थांबल्यावर त्या पानांवर पाऱ्यासारखे थेंब पळताना बघितलेत तर तुम्ही शोभेचं आणि खाण्याचं असं वेगळं करायचं थांबाल.

दोघांच्या मधली फूटभर जागा रिकामी राहील, कारण तिकडची ओल इकडे यायला नको. तिथे पट्ट्याच्या रुंदीभर विटा उभ्या गाडून बांध घाला आणि बांधाच्या कोरड्या बाजूला एक गवती चहा लावा. त्याला ऊन हवं, पाणी मध्यम, आणि तो अळूसारखा खाता-पिता येतो पण दिसतो गवतासारखा. भांडणात मध्यस्थ म्हणून तो मला नेहमी उपयोगी पडलाय. मागच्या टोकालाही गवतच हवं असा हट्ट असेल तर पेनिसेटम नको, वाळा लावा. वाळ्याला पाण्यात पाय बुडवून उभं राहणंही जमतं आणि दुष्काळही जमतो. रंग नाही, पण माठात टाकायला मुळं आहेत. आणि जांभळा रंग फक्त एका हंगामापुरता हवा असेल तर शोभेची जांभळी बाजरी बियांपासून लावता येते. ‘पर्पल मॅजेस्टी’ नावाच्या तिच्या एका वाणाला 2003 साली अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नवे वाण पारखणाऱ्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं होतं. पक्षी तिची कणसं सोडत नाहीत, एवढी एकच अडचण.

तुम्ही शेवटी लिहिलंय की न्यू जर्सीतल्या बहिणीलाही हेच लावायचंय. तिला सांगा, तिथल्या हिवाळ्यात दोघंही बाहेर टिकणार नाहीत. पानांवर पहिलं हिम पडलं की अळूचे कंद काढून, सुकवून, कोरड्या भुशात किंवा पीटमध्ये तळघरात ठेवायचे आणि मे महिन्यात पुन्हा लावायचे. जांभळं गवत तिकडे लोक एका उन्हाळ्याचं पाहुणं म्हणूनच लावतात. फ्लोरिडा किंवा टेक्सासला कोणी असेल तर मात्र उलटा इशारा: तिथल्या नदी-ओढ्यांत आपलं हेच अळू शिरून उपद्रवी ठरलंय. तिकडे ते कुंडीतच ठेवावं आणि कंद ओढ्यात टाकू नयेत.

सहा फुटांच्या अळूतून पहिल्या वर्षी काय मिळेल याचा एक हिशोब सांगतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कंद लावले तर गौरी-गणपतीपर्यंत अडीच-तीन महिने होतात. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही या दिवशी, म्हणजे नांगराशिवाय आलेलीच भाजी चालते, आणि ऋषीच्या भाजीत अळू लागतंच. मंडईत त्या दिवशी अळूच्या जुडीला हात लावायची सोय नसते. तुमच्या घरी ते मोरीपाशी खुरप्याने लावलेलं असेल.

कंद आणायला जाताना सासूबाईंना सोबत घेऊन जा. नर्सरीवाला जे अळू म्हणून दाखवेल त्याचं एक पान उलटं करून त्या देठ कुठे चिकटलाय ते बघतील, आणि वडीचं की फदफद्याचं हे मी सांगण्याआधी सांगतील. गवत घेताना पिशवी थोडी वर उचलून बघायचं काम तुमचं: खालच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावत असतील तर घ्या, काळी असतील तर राहू द्या.